धावेपासून हवेपर्यंत

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता फक्त कंटाळ्यासाठी वापरतो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा सिनेमा वगैरे वगैरे. शहरात वाढलेल्या कुणाला विचारलं तर चाकोरी मुळात कशाला म्हणतात हे सांगता येईलच असं नाही. आमच्या परभणीकडे मात्र ती आधी पायाला ठेचकाळायची आणि मग कधीतरी शब्दकोशात सापडायची. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेला खोल माग. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की चाकाची अरुंद लोखंडी कड त्यात सुरीसारखी घुसते. दिवाळीपर्यंत तो चिखल वाळून दगड होतो, आणि मग मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याच दोन खाचांतून जावं लागतं. एक चाक खाचेत, एक वर, आणि आतला माणूस सुपातल्या दाण्यासारखा वरखाली!

आज इतिहासावर लिहायचं आहे, पण राजे आणि लढायांच्या नाही. दणक्यांच्या इतिहासावर. रस्त्याचा दणका माणसाच्या कण्यापर्यंत पोचू नये म्हणून काय काय केलं गेलं, ते कुठून आलं, आणि त्याचा फायदा शेवटी नेमका कुणाला झाला, याबद्दल. (गाडीच्या आसालाही मराठीत कणा म्हणतात, हा योगायोग नसावा. दोघांचं काम एकच, वरचं ओझं सांभाळणं.)

आधी गाव. परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागते. नृसिंहाच्या हेमाडपंती मंदिरासाठी आसपासच्या जिल्ह्यांत माहीत असलेलं गाव. परभणी–परळी रेल्वेमार्गावर स्टेशन आहे, आणि त्याच्या नावातही देव आहेच: पोखर्णी नृसिंह. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंह जयंतीला, तिथे गर्दी असते. आणि चारी बाजूंना काळी जमीन. ही जमीन दिसायला लोण्यासारखी, पण स्वभाव विचित्र. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला हा स्वभाव मानवतो, रस्त्याला मानवत नाही. खालची जमीनच दरवर्षी श्वास घेत असेल तर वर टाकलेली खडी आणि डांबर किती दिवस सपाट राहणार? आमच्याकडच्या रस्त्यांना लाटा का येतात याचं सगळं खापर ठेकेदारावर फोडता येत नाही, थोडं मातीवरही फोडावं लागतं. (थोडंच हं!)

या मातीवर शेकडो वर्षं चालली ती लाकडी बैलगाडी. तिचं चाक हा सुतार आणि लोहार या दोघांचा एकत्रित संसार. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर लाकडी घेर आणि घेरावर लोखंडाची धाव. धाव बसवताना बघणं हा एक सोहळा असायचा. चाकापेक्षा किंचित लहान केलेली लोखंडी कडी शेणकुटांच्या आरात लाल करायची, ती फुगली की चिमट्यांनी धरून चाकावर चढवायची, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक करकचून आवळतं. एक खिळाही न मारता!

पण या गाडीला कमान नाही. स्प्रिंग नाही, कसलाही लवचिकपणा नाही. आस सरळ साट्याखाली बांधलेला. हे अडाणीपणामुळे होतं असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. बैलाची चाल तासाला तीन-चार किलोमीटरची. दणक्याचा जोर वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे एवढ्या सावकाश चालीत धान्याच्या पोत्यांना कमानीची गरजच नव्हती. गरज माणसांना होती, आणि त्यांच्यासाठीचा उपाय होता गवत. साट्यात गवताचा जाड थर, त्यावर दोन-तीन गोधड्या. आमच्या घरातल्या जुन्या बायका सांगायच्या की बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला परभणीला न्यायचं ठरलं की पहिली धावपळ गवतासाठी व्हायची. गाडी तयार असायची, बैल तयार असायचे, पण गवत नीट पसरलंय का हे घरातली एखादी म्हातारी स्वतः हात फिरवून बघायची. माझ्या मते मराठवाड्यातलं पहिलं सस्पेन्शन म्हणजे ते गवत, आणि त्याची पहिली तपासनीस म्हणजे ती म्हातारी.

आता जरा लांब जाऊ. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर चढवलेल्या कापडाची नळी, वर कातड्याचं आवरण, आत हवा. गंमत म्हणजे हे चाक त्याने केलं होतं ते घोडागाड्यांसाठी. मोटार तर सोडाच, आजच्यासारखी सायकलसुद्धा तेव्हा नव्हती. म्हणजे हवेचा टायर जन्मला तो गाडीला जनावर जुंपलेलं असतानाच! पण तेव्हा रबर महाग होतं आणि गरज कमी होती, त्यामुळे तो शोध विसरला गेला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच पुन्हा केलं. हा डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता. जनावरांच्या डॉक्टरचं नाव पुढे आपल्या बैलांच्या गाडीला लागावं हे मला फार आवडतं.

कारण लागलंच ते. डनलॉप कंपनीचा बंगालमधला साहागंजचा कारखाना १९३६ चा. बैलगाडीला रबरी टायर बसू लागले तेव्हा लोकांनी त्या गाडीला नाव दिलं ‘डनलॉप गाडी’. टायर कुठल्याही कंपनीचा असो, गाडी डनलॉपच. आमच्याकडे नुसतं ‘टायरगाडी’ही म्हणतात. लोखंडी आस, त्यावर बेअरिंग, आणि रुंद, हवा भरलेला टायर. फरक बैलाला लगेच कळला. रुंद टायर मातीत रुतत नाही, बेअरिंगमुळे वंगणाच्या नळकांड्याशिवाय चाक हलकं फिरतं, आणि छोटे दणके टायरमधली हवा गिळून टाकते. चाकोरी पडायचीच कमी झाली. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून हा विषय लावून धरला होता. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख बैलगाडीबद्दल बोलतो म्हणून लोक हसलेही असतील, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. देशातला एवढा माल अजून बैल ओढतात, तर त्यांचं जू आणि चाक सुधारायला नको का? बैलाच्या मानेवरचे घट्टे हा त्यांच्या लेखी अभियांत्रिकीचा प्रश्न होता.

इथे मंडळी, या लेखातली खरी गोम आहे. टायरने बैलाचे कष्ट कमी केले. मग पुढे काय झालं? त्याच बैलजोडीवर जास्त माल चढला. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. आमच्या भागातून, बीडकडून कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर तोडीला जातात, त्यातले बरेच टायरगाडीवाले. गाडीवर उसाच्या मोळ्या इतक्या उंच रचलेल्या असतात की समोरून बैल दिसतात आणि मागून फक्त ऊस. हवेने जो दिलासा दिला तो बैलाच्या मानेला मिळालाच नाही, तो टनात मोजला गेला. हे सूत्र डोक्यात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

मोटारी आल्या आणि वेग आला. मग गवतावर भागेना. आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाच्या रेल्वेने १९३२ साली रस्ता वाहतुकीचं खातं काढलं आणि २७ बसगाड्यांनी सुरुवात केली. त्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. इकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६१ पासून सगळीकडे एकच लाल एसटी.

या सगळ्या गाड्यांखाली एकच गोष्ट समान होती. कमानपाटे. इंग्लंडच्या ओबाडाया इलियटने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबगोल कमानी बसवल्या, तेव्हापासून ही पाट्यांची चवड जगभर पसरली. एकावर एक ठेवलेल्या, खाली खाली लहान होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्या. मध्ये यू-बोल्टने आसाला आवळलेल्या, दोन्ही टोकांना चासीला टांगलेल्या. दिसायला अगदी साधी, पण ही चवड एकटी तीन नोकऱ्या करते. पहिली, वजन पेलते. दुसरी, आसाला जागेवर धरून ठेवते, म्हणजे ब्रेक मारल्यावर आस मागे सरकत नाही आणि वळणावर बाजूला पळत नाही. तिसरी, पाटे एकमेकांवर घासतात त्यामुळे उसळी आपोआप थोडी विझते. एका पगारात तीन कामं करणारा असा नोकर कुणाला नको?

शिवाय तो दुरुस्त करायला इंजिनिअर लागत नाही. युद्धातली विलीज जीप पुढे-मागे पाट्यांवरच उभी होती, आणि तीच महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतली तेव्हा खेड्यापाड्यात ती टिकली याचं एक कारण हेही. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला कमानीवाला असतोच. लाकडी ओंडका, घण, दोन जॅक. जुन्या गाडीचा पाटा काढून तुमच्या गाडीला बसवून देतो. आणि पाटा अगदीच कामातून गेला तरी तो मरत नाही. लोहार त्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडी करतो. बाजारात आजही ‘पाट्याचा कोयता’ म्हणून विचारून घेतात, कारण स्प्रिंगचं पोलाद धार धरतं. म्हणजे ज्या ट्रकमधून ऊस गेला, त्याच ट्रकचा पाटा पुढे ऊस तोडायला हातात येऊ शकतो. रिसायकलिंग हा शब्द आमच्याकडे यायच्या कितीतरी आधीचं हे चक्र आहे.

पाट्याचा दोष मात्र मोठा आहे. तो भरलेल्या गाडीसाठी बनवलेला असतो. दोन टन पेलायला हवेत म्हणून जाड केला, की रिकाम्या गाडीत तो वाकतच नाही. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ती सीट मागच्या चाकांच्याही मागे, लांब निघालेल्या टोकावर. चाक वीतभर उचललं तर टोक त्याहून जास्त उचलतं, सी-सॉसारखं. गाडी भरलेली असेल तर ठीक. दुपारच्या रिकाम्या गाडीत तुमचं डोकं आणि टप यांची भेट ठरलेली! माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हलवलं की सगळ्यात जास्त त्रास होतो असं कंपनांचा अभ्यास करणारे सांगतात. चांगली मोटार सेकंदाला एक-दीड वेळाच सावकाश डोलते. रिकामा ट्रक त्याच्या बराच वर, नको त्या पट्ट्याकडे सरकत जातो. कंबर दुखते ती उगाच नाही.

यावर उपाय पुन्हा हवेनेच सुचवला. टायरमध्ये हवा चालते तर स्प्रिंगच हवेची का नको? अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकात रबरी फुग्यांची स्प्रिंग तयार केली. १९५० च्या दशकात तिथल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांखाली ती आली. हिशेब फार सोपा आहे. फुगा किती वजन उचलतो? आतला दाब गुणिले फुग्याचं क्षेत्रफळ. समजा एका चाकावर ४०० किलो भार आहे आणि फुग्याचा कामाचा व्यास १५ सेंटिमीटर. क्षेत्रफळ झालं साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दाब लागेल दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो, पंपावरच्या भाषेत ३२ पौंड. कारच्या टायरएवढाच! भार ५०० किलो झाला तर ४० पौंड करा, गाडी पुन्हा त्याच उंचीवर. पाट्याला हे जमत नाही. पाटा जन्मभर एकाच कडकपणाचा, आणि फुगा ओझं बघून कडक किंवा मऊ होणारा. त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, डोलण्याचा ठेका जवळपास तोच राहतो.

आपल्याकडे हे सुख आधी श्रीमंत तिकिटावर आलं. २००१ मध्ये व्होल्वोने बंगळुरूजवळच्या होसकोट्याच्या कारखान्यातून बसगाड्या काढायला सुरुवात केली आणि काही काळातच मुंबई–पुणे शिवनेरीने लोकांना सांगितलं की बसमध्ये चहा न सांडता पिता येतो. पण मला जास्त भावतो तो मुंबईच्या लोकलचा किस्सा. २००७ पासून तिथे नव्या गाड्या आल्या, त्यांच्या डब्यांखाली हवेच्या स्प्रिंगा होत्या. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी असतात. एवढ्या वजनाने साधी स्प्रिंग दबते आणि डब्याची जमीन प्लॅटफॉर्मच्या तुलनेत खाली जाते. हवेच्या स्प्रिंगला एक झडप असते. डबा दबला की ती आत हवा सोडते, माणसं उतरली की बाहेर काढते. जमीन आहे तिथेच. इथे मात्र हवेचा दिलासा थेट सेकंड क्लासच्या माणसाला मिळाला, हे नोंदवून ठेवायला हवं.

खासगी गाड्यांची कथा अर्थातच वेगळी. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये हवेचं सस्पेन्शन होतं. ती गाडी प्रचंड महाग होती आणि तिची हवा गळायची, इतकी की अनेक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. आणि कॅलिफोर्नियात तर वेगळंच चाललं होतं. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांना गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली हवी असायची. १९५८ च्या सुरुवातीपासून तिथे कायदा लागू झाला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. मग रॉन अगीरे नावाच्या तरुणाने १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, पोलीस गेला की खाली! पुढे हायड्रॉलिकच्या जोडीला हवेचे फुगे आले आणि जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांना फुगे बसवणं ही तिथे एक मोठी हौस झाली. थोडक्यात, बसखाली हवा आली ती ओझ्यासाठी आणि पिकअपच्या पुढच्या भागात आली ती दिसण्यासाठी. एकाच वस्तूचे दोन वेगळे जन्म.

हा फरक मला इतका महत्त्वाचा का वाटतो ते सांगतो. माझा एक भाचा पोखर्णीजवळच्याच एका गावात असतो. त्याच्याकडे जुनी पिकअप आहे, पुढे अख्खा आस आणि पाटे. भाजी, सोयाबीन, कापूस, लग्नाचं सामान, जे मिळेल ते भाडं मारतो. घर त्या गाडीवर चालतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने मला फोन केला. ‘मामा, पुढचे पाटे काढून हवेचे फुगे बसवावे म्हणतो. लई हादरते गाडी. बापू सोबत बसले की घरी येऊन दोन दिवस आडवे.’ बापू म्हणजे त्याचे वडील, आमचे दाजी. माल उतरवताना दुसरा माणूस परवडत नाही म्हणून साठी ओलांडली तरी सोबत जातात.

मी त्याला हाच सगळा इतिहास सांगितला, थोडा कमी पाल्हाळ लावून.

पहिली गोष्ट, पाट्याच्या त्या तीन नोकऱ्या. फुगा त्यातली एकच करतो. पाटे काढलेस की आसाला जागेवर धरायला वेगळ्या लोखंडी भुजा लागतील, पुढे-मागे सरकू नये म्हणून आणि बाजूला जाऊ नये म्हणूनही. त्या भुजांची लांबी आणि कोन चुकले की गाडी खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंग आपोआप ओढ खाणार. उसळी विझवायला नवे शॉकअप हवेत. फुग्याभोवती सगळीकडून मोकळी जागा हवी, कारण फुगलेलं रबर कशालाही घासलं की काही दिवसांत फाटतं. फाटला तर गाडी आसावर आदळू नये म्हणून आत ठोकळे हवेत. वर कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, झडपा. हे सगळं चासीला वेल्डिंग करून. आणि हे पुढच्या चाकांचं काम आहे, जिथे स्टेअरिंग असतं आणि ब्रेकचा मोठा जोर येतो. पाटा तुटला तर दोरीने बांधून परभणी गाठणारे लोक आहेत. फुटलेल्या फुग्याला कमानीवाला काय करणार? त्याचा कोयतासुद्धा होत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही असं सांगितलं. भाड्याच्या गाडीला फिटनेस लागतं. तिथे अडली की घर अडलं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत मोठी वाटते. पिकअपमध्ये माल कुठे असतो? मागच्या चाकांवर. गाडी रिकामी असो की भरलेली, पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलत नाही. हवेच्या स्प्रिंगची खरी कमाल तर बदलत्या ओझ्यातच आहे. मग पुढे फुगे बसवून मिळणार काय? कॅलिफोर्नियाची ती उंच-नीच करायची गंमत. ती आपल्याला नको आहे.

मग गाडी हादरते का? त्याला म्हटलं, खाली वाकून पाटे मोज. कंपनीने किती दिले होते आणि आता किती आहेत? दुसऱ्या दिवशी फोन आला. पुढे एकेक आणि मागे दोन-दोन पाटे जास्तीचे होते. आधीच्या मालकाने ‘चढवून’ घेतले होते. आमच्याकडे गाडी घेतली की पहिलं काम हेच करतात, कमानीवाल्याकडे जाऊन पाटे वाढवायचे, म्हणजे कागदावर लिहिलंय त्याहून जास्त माल नेता येतो. बुश वाळून दगड झालेले, शॉकअपमधलं तेल कधीच गेलेलं, आणि टायरमध्ये ओव्हरलोडसाठी ठासून भरलेली हवा. म्हणजे त्या गाडीतला लवचिकपणाचा प्रत्येक तुकडा कुणीतरी ओझ्यासाठी आधीच विकून टाकला होता. टायरगाडीचं सूत्र आठवलं? तेच. फक्त बैलाच्या जागी दाजी.

त्याने पुढचे जास्तीचे पाटे काढले, राहिलेले उघडून घासून ग्रीस लावून बसवले, नवे बुश आणि शॉकअप टाकले. फुग्यांच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. पण खरी किंमत वेगळीच होती. मागचेही जास्तीचे पाटे काढायचे तर माल कमी भरावा लागणार, जिथे एक खेप लागायची तिथे दोन. डिझेल जास्त, वेळ जास्त. यावर घरात बरीच बोलाचाली झाली असं ताईकडून कळलं. शेवटी मागचा एकेक पाटा काढला, एकेक ठेवला. अर्धा दिलासा कंबरेला, अर्धा धंद्याला. मी त्याला नावं ठेवणार नाही. लांब पुण्यात बसून भौतिकशास्त्र सांगणं सोपं आहे, हप्ता त्याला भरायचा असतो. दाजी म्हणतात आता एकच दिवस आडवं व्हावं लागतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. गवत, टायर, पाटा, फुगा. प्रत्येक वेळी दणका कमी करायची युक्ती सापडली आणि प्रत्येक वेळी वाचलेल्या दणक्याचं आपण ओझ्यात रूपांतर केलं. यात तंत्राचा दोष नाही. तंत्र एवढंच सांगतं की इथे थोडी जागा निर्माण झाली आहे, ती कशाने भरायची ते तुम्ही ठरवा. मुंबईच्या लोकलमध्ये ती झडप माणसं मोजून हवा सोडते. आपल्या व्यवहारात मात्र अशी झडप कुठेच नाही.

नाही म्हणायला एक आहे, आणि ती फार जुनी आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला गरम पाण्याने शेकतात, हळद आणि तूप लावून चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं रीतसर आवतण देतात. घट्टे पडलेल्या जागेवर हात फिरवताना गडीमाणसंसुद्धा गप्प होतात. ओझं किती लादलं ते त्या दिवशी हाताला कळतं. गाड्यांना आपण दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, लिंबू बांधतो, ते छानच आहे. पण गाडीत बसणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायचा सण आपल्याकडे अजून नाही.

यंदा पोळ्याला जमलं तर गावी जाईन म्हणतो. दाजींसाठी दुकानातून एक चांगलीशी जाड गादी बघून ठेवली आहे, सीटवर टाकायला. शेवटी गवतच, फक्त कारखान्यातलं.